कनातीआडचे बहाद्दर

"काय रे गुणाजी, हल्ली काय करतोस?" असं लालबागच्या नाक्यावर कोणी विचारलं, की गुणाजी छाती काढून एकच शब्द सांगायचा, "खेळाडू." तोच प्रश्न चाळीच्या नळावर त्याच्या बायकोला कोणी विचारला, तर गंगुबाई भरत आलेल्या कळशीकडे बघत म्हणायची, "घराकच असतत."

हे गुणाजीला माहीत होतं आणि ते त्याला बोचायचं. पण बोचलं म्हणून मान खाली घालणाऱ्यांतला तो नव्हता. सत्तावन सालच्या हिवाळ्यात त्यानं गिरणीतले दोन साचे, म्हणजे कायमची विणकराची नोकरी, सोडली आणि पगारी कबड्डीपटू झाला. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. "पोटापाण्याचं काय?" असं सासऱ्यानं मालवणाहून विचारलं, तेव्हा गुणाजीनं उलट टपाली कळवलं, की पुढच्या वर्षी संघ कोल्हापूरला जाणार आहे, बघायला या.

संघ काढला तात्यानं. तात्या मंडपवाला. गणपती उठले की त्याचे बांबू, बाकं आणि कनाती नऊ-दहा महिने वखारीत उंदरांच्या स्वाधीन. त्याच्या डोक्यात आलं, की लालबागला फुकट कबड्डी बघायला एवढी झुंबड उडते, तर तिकीट का लावू नये? चार चाळींमधलं मैदान त्यानं कनातीनं घेरलं, दारात गडी बसवला, खेळाडूंना महिन्याचा पगार बांधला आणि नाव ठेवलं 'लालबाग बहाद्दर'. गुणाजी कप्तान.

पहिल्याच सामन्याला तात्याच्या अकलेचं दिवाळं निघालं. कनात पुरुषभर उंच आणि चाळी तीन मजली! आत बाकांवर मोजकी डोकी, आणि वर गॅलऱ्यांमध्ये कठडा मोडेल एवढी माणसं. बायका तांदूळ निवडता निवडता सामना बघत होत्या. आयुष्यभर मंडप घालणाऱ्या माणसाला वर मान करून बघायचं सुचलं नाही, ह्यावर लालबाग आठवडाभर हसलं. तात्यानं मग कनातीवर कनात शिवली आणि बांबू दुप्पट उंच केले. गॅलऱ्या आंधळ्या झाल्या.

"तिकीट काढून ये की एकदा," गुणाजी घरी म्हणाला.

"माझ्याच घोवाक बघूक मी तिकीट काढू काय?" गंगुबाई म्हणाली, आणि चुलीकडे वळली. खेळताना मात्र तो मध्येच वर बघायचा आणि त्याला कापडच दिसायचं.

संघ मात्र नामी होता. चढाईला गुणाजी आणि पकडीला रामजी. गिरणीत हे दोघे कधी एका खात्यात आले नसते. धोट्यातलं सूत तोंडानं ओढायचं, म्हणून रामजीच्या लोकांना विणकामाला लावत नसत. विटाळ व्हायचा ना सुताला! रामजी बॉबिन खात्यात राबला आणि आदल्या दसऱ्यानंतर बौद्ध झाला. कबड्डीत पकडीसाठी गड्यांनी हातात हात घालून साखळी करावी लागते. पहिल्या दिवशी संघातल्या दोन गड्यांचे हात रामजीकडे जाता जाता अडखळले. गुणाजीनं त्या दोघांना बाजूला सारलं आणि रामजीचा हात स्वतः धरला. "ज्याला लाज वाटते त्यानं साच्यावर परत जावं," तो म्हणाला. कोणी गेलं नाही.

हंगामाचा शेवटचा सामना परळच्या संघाशी ठरला. तात्यानं स्वच्छ सांगितलं होतं, की हा सामना भरला तर पुढचं वर्ष, नाहीतर कनाती वखारीत. गुणाजीला काळजी नव्हती. परळला लोळवायचं हे त्यानं गृहीतच धरलं होतं. तेवढ्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी लढणाऱ्या समितीचा हरताळ पुकारला गेला. नेमका त्याच दिवशी.

तात्या हातापाया पडू लागला. "अरे, मुंबई महाराष्ट्रात यावी असं मलाही वाटतं! पण बँड सांगितलाय, बाकं मांडलीत. एक सामना खेळलात तर काय बिघडेल?"

"हरताळ म्हणजे हरताळ," रामजी म्हणाला. "तिकीट फाडलंत तर मी येत नाही."

गुणाजीला खेळायचं होतं. जिवापाड खेळायचं होतं. तो तडक समितीच्या कचेरीत गेला. तिथं कुशाबा नावाचा कार्यकर्ता फलक रंगवत बसला होता.

"हरताळात खेळायला बंदी आहे का?" गुणाजीनं विचारलं.

कुशाबानं ब्रश कानामागे खोचला. "धंदे बंद. पोरं रस्त्यात खेळली तर आपलं काय म्हणणं? पण तुझा तर धंदाच खेळ आहे रे. तो बंद."

खेळाडू म्हणून मिरवल्याचं हे फळ! आणि मग त्याला हसू आलं. "मग उद्यापुरता धंदा सोडला," तो म्हणाला. "फुकट खेळतो. कनात पाडतो."

त्यानं परत येऊन हे सांगितलं तेव्हा तात्याचा चेहरा उतरला. "कनात पाडलीस तर संघ संपला, गुणाजी. पगार नाही, गंजिफ्रॉक नाहीत, कप नाही."

"तुमचं सगळं तुमच्याकडे ठेवा," गुणाजी म्हणाला. आवाज खणखणीत होता. पण कायमचे साचे गेले होते, आता गैरहजर कामगाराच्या जागी बदलीवाला म्हणून गिरणीच्या दारात उभं राहावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी भोंगे बंद, दुकानं बंद. परळचा कप्तान बुधाजी आपले गडी घेऊन चालत आला. कनात खाली आली आणि गॅलऱ्या उघड्या पडल्या. एकेका मजल्यावर माणूस मावेना. गुणाजीनं वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर, खांबाला टेकून, गंगुबाई उभी होती.

त्या दिवशी तो जसा खेळला तसा पुन्हा कधी खेळला नाही. पण परळवालेही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत, आणि लालबागचे दोनच गडी उरलेले, गुणाजी आणि रामजी. बुधाजी घुमत आत आला. गुणाजीला त्याच्यावर एकट्यानं झेप घ्यायची होती. वरून बायको बघत होती ना! रामजीनं त्याचा हात करकचून आवळला. "थांब."

गुणाजी थांबला. बुधाजी त्याला हूल द्यायला एक पाऊल जास्त आत आला, आणि रामजीनं खाली वाकून त्याचा घोटा धरला. दोघांच्या ओझ्याखाली बुधाजीचा दम सुटला.

मैदानात नुसता धुरळा झाला. कप नव्हताच. गंगुबाई जिन्यावरून खाली आली, हातात नारळ. गुणाजीनं हात पुढे केला. तिनं त्याला ओलांडून नारळ रामजीपुढे धरला.

"मी दीक्षा घेतलीय वहिनी," रामजी ओशाळून म्हणाला. "नारळ-बिरळ नाही चालत."

"पूजेचो नाय तो," गंगुबाई म्हणाली. "खावचो आसा. फोडा."

सगळे हसले. गुणाजीला आधी झोंबलं, मग पटलं. बुधाजीसकट सगळ्यांनी खोबरं खाल्लं. अशी लालबाग बहाद्दर संघाची अखेर झाली.

गुणाजी बदलीवर लागला, ताठ मानेनं. पावसाळ्याच्या तोंडावर चाळीत घाटावरचं एक बिऱ्हाड आलं. सकाळी गॅलरीत दात घासताना गुणाजीच्या कानावर खालचं बोलणं आलं. नवी बाई गंगुबाईला विचारत होती, "तुमचं मालक काय करत्यात?"

गंगुबाईनं कळशी नळाखालून काढली, कमरेवर घेतली.

"खेळाडू आसत," ती म्हणाली. "सध्या साच्यार जातत."