पाटलानं खाल्लेलं मासं

आमच्या हिंदुराव पाटलाला शानपन शिकवायला सोलापूरचा डॉक्टर कशाला पायजे? त्याला समदं कळत हुतं की!

माझा धनी धुळाप्पा. तीन वर्सं दर उन्हाळ्यात त्याच्या पायातनं नारू निघायचा, पांढरा, दोऱ्यावानी लांब. वडला तर तुटतोय न् पाय सडतोय, म्हनून म्या रोज काडीवर एकच येढा गुंडाळायची. मेंढरं एकटीनं राखली. लई रडले त्या दिसांत.

बत्तीस साली डॉक्टर मल्लिकार्जुन वाडीत आले. पायऱ्यांच्या विहिरीचं पानी त्यांनी भिंगाखाली दावलं. बघते तर बारीक किडं उड्या मारत्यात! नारूचा पाय पान्यात बुडला की त्याची पिल्लं ह्या किड्यांच्या पोटात, किडं पान्यासंगं आपल्या पोटात, न् वर्साला नारू भाईर. डॉक्टरांनी किडं खायला विहिरीत घागरभर मासं सोडलं.

पाटील खो खो हसला. "मासं म्हनं औषद! मग खाऊनच टाकू की!"

बार्शीचा जावई आला तवा पाटलानं जाळं टाकून समदं मासं काढलं, रस्सा केला. वर चावडीत बसून ढेकर दिलं. वा रं शाना!

धुळाप्पाचा पाय आता कुटं बरा झाला हुता. म्या त्याला लुगड्याच्या दुहेरी घडीतनं पानी गाळून पाजाय लागले. पाटील त्यालाबी हसला.

दुसऱ्या उन्हाळ्यात धुळाप्पा मेंढरांमागं चालत गेला, न् पाटील सरपटत विहिरीवर आला. पायातनं नारू डोकावत हुता, आग आग हुत हुती. पाय पान्यात घालायला निघाला हुता! म्या पायरीवर आडवी हुबी ऱ्हायले.

"मायाक्के, सर बाजूला! माझ्या बाची विहीर हाय!"

"असंल. पर माझा धनी हितलंच पानी पितोय. पाय बुडवाल तर याद राखा!"

पाटील मटकन खाली बसला न् रडाय लागला. म्या काडी घेतली, एक येढा दिला.

"किती दिस गं?"

"वीस तरी."

"आजच समदा वड की!"

"वडते. तुटला तर पाय जाईल. वडू?"

पाटलानं न्हाई न्हाई म्हनत मान हलवली. मग खाली बघत म्हनला, "डॉक्टर पुन्यांदा मासं देतील का गं?"

"देतील की. जावयाला तेवढं बार्शीतच ठेवा."