बाळमासा

विज्ञान प्रदर्शनासाठी वंदना मॅडमनी एकच अट घातली होती. जो विषय मांडाल, त्याचा आपल्या तालुक्याशी संबंध असला पाहिजे. तृप्तीने 'शार्क वाचवा' असं लिहून दिलं आणि दहावीचा अख्खा वर्ग खिदळला.

"जुई धरणात सोडायचा का मंग?" पप्पू मागच्या बाकावरून म्हणाला. "आमच्या म्हशी तिथंच डुंबतात, तेवढं ध्यानात ठेव."

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी सूटही दिली नाही. "भोकरदनचा आणि शार्कचा संबंध दाखव. दाखवता आला नाही तर विषय बदल."

संबंध शोधायला तृप्तीला लांब जावं लागलं नाही, आणि तीच अडचण झाली.

तिच्या बाकावर कशफ बसायची. कशफचे अब्बा, बदरोद्दीनचाचा, बाजारात मासळी विकायचे. मुंबईहून बर्फात भरलेली खोकी संभाजीनगरमार्गे त्यांच्याकडे यायची. तृप्तीच्या घरी मासळी शिजत नसे, तरी बाजाराच्या दिवशी शाळा सुटली की ती कशफबरोबर तिथे पालथ्या खोक्यावर बसून गणितं सोडवी. समोर चाचांची पाटी असे आणि तिच्यावर खडूने लिहिलेलं सर्वांत वरचं नाव 'बाळमासा'.

त्या नावाची गोष्ट चाचा गिऱ्हाइकांना आवडीने सांगत. "खरं नाव मोरी. मुंबईचा व्यापारी तसंच म्हणतो. मी बी पाटीवर तेच लिव्हलं. तर बाया नाक धरून म्हणल्या, बदरूभाई, मोरीतला मासा विकून राह्यले का?" कोकणात मोरी हा मासा असेल, पण इथे मोरी म्हणजे भांडी घासायची जागा. त्या दिवशी एक तुकडा उठला नाही. या माशात काटा नसतो, लहान लेकरालाही बिनधोक भरवता येतो, म्हणून पुढच्या बाजारी चाचांनी त्याचं बाळमासा केलं. तेव्हापासून दुपारपर्यंत खोकं रिकामं व्हायचं.

मोरी म्हणजेच शार्क, हे तृप्तीने बाजाराच्या आदल्या संध्याकाळी वाचलं. तिला रात्रभर वाटत राहिलं, आपण चुकीचं वाचलं असावं.

बाजाराच्या दिवशी ती शाळेआधीच दुकानावर गेली. चाचांकडे येणारे मासे बहुधा मुंबईलाच डोकी उडवलेले असत. आज एक राहून गेला होता. बर्फातून वर आलेलं त्याचं डोकं हातोड्यासारखं दोन्ही बाजूंना पसरलेलं होतं आणि दोन्ही टोकांना एकेक डोळा होता. तिने त्याच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे बोट ओढलं. खरकागदावर ओढल्यासारखं लागलं. हातोड्या शार्क पूर्ण वाढला की माणसापेक्षा लांब भरतो. हा जेमतेम हातभर होता.

मोबाइल तिच्या खिशातच होता. फोटो काढला असता तर मॅडमची अट तिथेच पुरी झाली असती. पण असला मासा विकणारं दुकान गावात एकच होतं. तक्त्यावर चित्र लागलं, की दुसऱ्या दिवशी सगळं गाव चाचांकडे बोट दाखवणार, आणि कशफ आपल्या बाकावरून उठून जाणार. तिने मोबाइल बाहेर काढलाच नाही.

कशफ डबा घेऊन आली तेव्हा तृप्तीने तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं.

कशफने डबा खाली ठेवला. "म्हंजे माझ्या अब्बाला तक्त्यावर लावणार तू?"

"लावायचं असतं तर तुला सांगितलं असतं का?"

"अन् पिल्लू कशावरून? जातच बारकी असंल."

प्रश्न बरोबर होता. आयुष्यभर बारकेच राहणारे शार्कही असतात, हे तृप्तीने कबूल केलं. "पण हातोड्या तसा नसतो. त्याचं डोकं बघ."

कशफने डोकं पाहिलं. मग मासा उचलून उलटा केला आणि पांढरं पोट निरखलं. पुढच्या दोन परांमध्ये एक बारीक चीर होती, कडा अजून गुलाबी. कशफची आपा बाळंतपणाला माहेरी आली होती. परवाच बाळाची नाळ गळाली होती आणि तेव्हापासून त्याला अंघोळ घालताना ती जागा जपायचं काम कशफकडे होतं.

"अब्बा, इधर देखो," ती म्हणाली. मग तृप्तीकडे वळून हळूच, "ह्याला बेंबी हाय."

"माशाला कुठं बेंबी असती," चाचा म्हणाले, पण सुरी ठेवून वाकले.

तृप्तीने सांगितलं की बहुतेक मासे अंडी घालतात, पण हा आईच्या पोटात नाळेला जोडलेला वाढतो. जन्मल्यावर काही आठवड्यांत ही खूण बुजते. म्हणजे हा नुकताच जन्मलेला. अशा पिल्लाला मोठं होऊन स्वतः आई व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि तिथवर पोचणारे फार थोडे.

चाचांनी अंगठ्याने ती चीर चाचपली. "मी न्हाई मागवला तर दुसरा मागवंल. अन् लोकाला पायजे, पोरी. मी काय करू?"

"बंद करा म्हणत नाही, चाचा. फक्त पाटीवर नाव बराबर लिहा."

चाचांना कळायला क्षणभर वेळ लागला. मग ते पोट हलवत हसले. "दुकान बुडवाया निघाली ही."

तेवढ्यात तुळजाबाई पिशवी हलवत आल्या. गल्लीतल्या जुन्या गिऱ्हाईक. "बदरूभाई, बाळमासा द्या जल्दी. नातू वाट बघून राह्यला."

चाचांनी सुरी उचलली, पण मासा उचलला नाही. कशफनेच तो पुढे धरला. "मावशी, हा बाळासाठी न्हाई. हाच बाळ हाय. बेंबी बघा."

तुळजाबाईंनी पाहिलं आणि पुढे केलेला हात पदराला पुसला. "अगं माय. मंग लेकराला काय खाऊ घालू?"

सगळ्यांच्या नजरा चाचांकडे गेल्या. त्यांनी दुसऱ्या टोपल्यावरचं ओलं पोतं उचललं. "मरळ घ्या. जुईची हाय, सकाळीच आली. काटे थोडेच, ते बी मी काढून देतो. उशीर लागंल पण."

"लागू द्या."

मरळ साफ करून झाल्यावर चाचांनी फडक्याने पाटी पुसली, 'मोरी' लिहिलं आणि मुंबईला फोन लावला. "पुढच्या गाडीला मोरी नको. न्हाई, मोठी बी नको." पलीकडून कारण विचारलं असावं. चाचांनी मुलींकडे पाहिलं. "आमच्याकडं हे नाव चालत न्हाई."

प्रदर्शनात तृप्तीच्या तक्त्यावर कुणाच्याच दुकानाचं चित्र नव्हतं. पोटावरची खूण कशफने काढली होती आणि खाली मोठ्या अक्षरात विचारलं होतं, 'तुमच्या बाजारात ह्याला काय म्हणतात?' शेजारी दोऱ्याला पेन बांधलं होतं. संध्याकाळपर्यंत गावोगावच्या मुलांनी तिथे नावं लिहिली. कुणी 'नरम मासा', कुणी 'बिनकाटी', आणि मंठ्याहून आलेल्या कशफच्या मामेभावाने, जीशानने, 'बच्चा'.

पप्पू ती नावं वाचत उभा होता. त्याने पेन उचललं, थोडा थांबला, पुन्हा ठेवलं.

"आमच्या गावच्या बाजारात काय म्हणतात ते ठाऊक न्हाई," तो म्हणाला. "सोमवारी विचारून येतो. बेंबी कुठं बघायची म्हणली?"