बाबांचा हिरवा

"हिरवा असा उतरला पाहिजे वेते, की शेळीने भुलून जीभ लावावी."

भट्टी उघडताना ग्लिगोरे हे म्हणायचा. वेता तेव्हा बापाच्या गुडघ्याएवढी होती. राखेतून पहिला वाडगा निघाला की तो फुंकर घालून पुसायचा आणि गुणगुणायचा:

माती गं माती, तुझी तांबूस काया,
कुणी दिली तुला सांग हिरवी छाया?

छाया दिली होती शिशाने. शेंदरासारखी लाल भुकटी. तिच्यात तांब्याची जळकी खपली वाटून घातली की झिलईला कोवळ्या गवताचा रंग चढायचा. त्याच शिशाने ग्लिगोरेला नेलं. आधी बोटं थरथरू लागली, मग हिरड्यांवर निळी रेघ उमटली, मग पोटात कळा. शेवटी शेवटी ताटावर रंगवायच्या कोंबड्याची शेपटीसुद्धा त्याच्या हातून सरळ उतरेना.

त्याला मूठमाती दिली त्या दिवशी वेता चर्चच्या आवारात गावच्या कुंभारांपुढे उभी राहिली. "बाबांची उरलेली भुकटी मी पुरून टाकली. तुम्हीही शिसं सोडा. आंबट पदार्थ ठेवला की ते झिलईतून सुटतं, लेकरांच्या पोटात जातं."

"आणि हिरवा कशाने आणू? पालक वाटून?" शेजारचा मिर्चा म्हणाला. सगळे हसले. पण सोडलं. वेताचा शब्द म्हणून सोडलं.

शिशाच्या जागी टाकणखार आला आणि तांबं रुसलं. हिरवा म्हणून भट्टीत घातलेलं भांडं मोरपंखी निळं होऊन बाहेर यायचं. "वेते, तुझ्या ताटात जेवलं की पोहून आल्यासारखं वाटतं बघ," मिर्चा चिडवायचा. तिने चिमूटभर लोखंडाचा गंज घालून पाहिला. डबक्यातल्या शेवाळाची कळा आली. क्रोम घातलं तर स्टेशनच्या बाकड्याला फासतात तसला जाड, आंधळा हिरवा. ओल्त नदीच्या काठचं गवत काही उतरेना.

अशात पितरांचा शनिवार आला. त्या दिवशी मातीचे नवे वाडगे दूधभाताने भरायचे, वर चेरी, कडेला मेणबत्ती, आणि गेलेल्या माणसाच्या नावाने शेजारीपाजारी द्यायचे. वाडगा घेणाऱ्याकडेच राहतो. इथे जो खाईल त्याचा घास तिथे पितराला पोचतो.

निळ्या वाडग्यात बाबा जेवतील? ओळखतील तरी का, लेकीच्या हातचा आहे म्हणून?

भुकटी वेताने पुरली नव्हती. माळ्यावर, बापाच्या जुन्या कोटाखाली, डबा तसाच होता. 'एवढे पितरांचेच वाडगे,' ती मनाशी म्हणाली. 'गेलेल्याला शिसं काय करणार?' पितराच्या नावाचा वाडगा जिवंत माणसाच्या ओठाला लागतो, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तिने त्याकडे पाठ फिरवली, इतकंच.

भट्टी उघडली. शेळीने जीभ लावावी असा हिरवा.

"देव त्यांना क्षमा करो," वाडगा घेताना मिर्चाची बायको तिंका म्हणाली. मग उन्हात फिरवून तिने हाक मारली, "अहो, इकडे या! म्हाताऱ्याचा हिरवा!"

मिर्चाने वाडगा दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "शिशावाचून? काय घातलंस गं?"

"थोडा गंज."

"मला शिकवशील?"

"शिकवीन की."

मग ती त्यांच्या घराकडे फिरकेनाच. पण एका सकाळी विरजण संपलं म्हणून जावं लागलं. पायरीवर तिंकाची नात इलिंका बसली होती, मांडीत तोच वाडगा, ओठांवर दह्याच्या मिशा.

"दुसऱ्या भांड्यात खातच नाही बया," तिंका कौतुकाने म्हणाली. "रात्री दहीसुद्धा मी त्यातच लावते."

वेताचे कान तापले. "तो मला दे तिंके. तिला मोठा देते, कोंबडा काढलेला."

"वेडी का काय तू! पितरांच्या नावाने दिलेलं परत घेतात? म्हातारा तिकडे ओंजळीत जेवेल काय?"

"बघू तरी," म्हणत वेताने वाडगा उचलला आणि हातातून सुटू दिला. तो गवतात पडला, गडगडला, आणि अभंग राहिला. बापाने शिकवलेली भाजणी पक्की होती. इलिंकाने भोकाड पसरलं. तिंकाने दही पुसून वाडगा पुन्हा पोरीच्या मांडीत ठेवला. "रडू नको गं राणी. मावशीचा हात सटकला."

सटकला! वेताला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मागच्या शेडमधून मिर्चा आला, हातात भाजलेल्या खापऱ्या. सगळ्या शेणकट. त्याने शाळकरी पोरासारखं त्या तिच्यापुढे धरल्या. आज चिडवणं नव्हतं.

"तुझा गंज किती गं? कमी घातला, जास्त घातला, चाळून घातला. माझाच हात गेला बहुतेक. तिंकाला म्हटलं, आता भट्टी विझवून टाकू."

"काहीतरीच," तिंका म्हणाली. "सांगेल ना वेता. तिने कधी खोटं शिकवलंय आपल्याला?"

इलिंका हुंदके देत वाडग्याची कड चाटत होती. वेता खाली वाकली. पोरीच्या हातातून वाडगा काढून घेतला, आणि या वेळी घट्ट धरला.

"तुझा हात गेला नाही दादा," ती म्हणाली. मान वर होत नव्हती. "यात गंज नाही. शिसं आहे, बाबांचंच. मी पुरलं नव्हतं. पोरीला यातलं खाऊ देऊ नका. आणि ज्या ज्या घरी मी वाडगे दिले, तिथे आता माझ्याबरोबर चला. एकटीने सांगायला गेले तर वाटेतून परत फिरेन मी."