नदीत संपलेली कादंबरी

छापखान्यात अडतीस वर्षे मुद्रिते तपासून निवृत्त झालेल्या बाईंच्या पुढ्यात त्यांचेच एक जुने कृत्य परवा सकाळी नातीने आणून टाकले. नात म्हणजे भावाची नात. वय वर्षे सतरा, जिभेला हाड नाही. वाचनालयातून आणलेली जीर्ण कादंबरी आत्याआजीच्या मांडीवर ठेवून तिने सांगितले की, यातल्या दोन मैत्रिणींचे एकमेकींवर प्रेम आहे, आणि शेवटी थोरली नदीत जीव देते. आपल्यासारख्यांच्या गोष्टींचा शेवट हाच, असे ठरवून तिने आपल्या मैत्रिणीला आदल्याच दिवशी ‘नको’ म्हणून कळवलेही होते.

“बुडायचंच असेल तर पाण्यात उतरायचं कशाला, आत्याआजी?” ती हसून म्हणाली. डोळे मात्र सुजले होते.

बाईंनी पुस्तक उघडले नाही. त्यातला स्वल्पविरामही त्यांना मुखोद्गत होता.

ती कादंबरी लिहिणारी शिक्षिका एके काळी त्यांच्याच खोलीत राहत असे आणि त्यांच्याच टेबलाच्या दुसऱ्या कडेला बसून लिहीत असे. हस्तलिखिताच्या शेवटी कादंबरीतल्या दोघी मैत्रिणी भाड्याची खोली घेतात, खिडकीला रंग देतात, रंग कुणी सांडला यावरून भांडतात आणि समेट करतात. खिडकी बाईंच्या खोलीचीच होती, रंगही तोच; उद्या चारचौघे ओळखतील. छापखान्याच्या मालकांनी हरकतीचा चकार शब्द काढला नव्हता. तरी बाईंनी ते शेवटचे प्रकरण काढून टाकले आणि त्या जागी दोन पानांची नदी स्वतः लिहिली.

लेखकाची सही झाल्यावाचून अखेरचे मुद्रित छपाईला जात नसे, असा तिथला दंडक. लेखिकेने न वाचताच सही केली. तू तपासलेस, मग मी काय वाचायचे, असे म्हणाली.

पुस्तक हाती आल्यावर तिने आदळआपट केली नाही. पेटी भरली आणि उंबरठ्यावर थांबून एवढेच म्हणाली, “लोकांना भिऊन तू आपल्या दोघींना मारलंस गं.”

हे सारे बाईंनी आयुष्यात प्रथमच कुणाला तरी सांगितले.

“म्हणजे थोरली मेलीच नाही?” नातीने विचारले.

“नाही. ती नदी माझी. भित्रेपणाने लिहिलेली.”

खरे प्रकरण कुठे आहे, या प्रश्नाला उत्तर होते, जाळले. आणि लेखिका? तिचा शोध बाईंनी कधी घेतला नव्हता. आधी भयाने, मग लज्जेने, पुढे नुसत्या सवयीने.

नात उठली. “तुझ्याशी भांडायचंय मला. पण परत आल्यावर.” मैत्रिणीचे घर दोन गल्ल्या पलीकडे होते. दोन-दोन पायऱ्या गाळीत ती जिना उतरली.

ती येईपर्यंत ते प्रकरण लिहून ठेवावे, म्हणून बाईंनी कोरा कागद घेतला. खोली आठवली, खिडकी आठवली; पानावर शाईचा डाग कुठे पडला होता, तेही आठवले. भांडण मिटल्यावर त्या दोघी एकमेकींना काय म्हणतात, ते मात्र काही केल्या आठवेना. त्या ओळी बाईंनी तेव्हा चुका शोधण्यापुरत्याच वाचल्या होत्या, आणि त्यांत चूक एकही नव्हती.