स्टेन्सरूडचा बांध आणि मी

मी तलाव बोलतोय. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तरेला, पाइनच्या रानात पसरलेला, उथळ. सरकारी नकाशावर माझं नाव 'स्टेन्सरूड तलाव' आहे. ते मला चालत नाही. ते माझ्या वैऱ्याचं आहे.

हजारो वर्षांपूर्वी डोंगराएवढं बर्फ इथून सरकत गेलं. त्याने उकरलेल्या खड्ड्यात मी साचलो. मग माझ्या गाळात मनोमिन रुजलं, म्हणजे रानभात, आणि ते काढायला इथले मूळ रहिवासी, ओजिब्वे लोक, होड्या घेऊन आले.

त्यांच्यातली मार्सेलीन दोन काठ्यांनी लोंब्या होडीवर वाकवून झोडायची. मागे उभा राहून तिचा भाऊ अल्फॉन्स लांब काठीने होडी रेटायचा.

"हळू रे, मुळं उपटशील!"

"मग तू ये मागे, मी बसतो आरामात!"

बरेचसे दाणे पाण्यात सांडायचे. ते माझे. त्यातूनच पुढच्या वर्षी भात उगवायचं.

मग ऑर्विल स्टेन्सरूडने सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी माझ्या काठावर सहा लाकडी घरं बांधली. त्यांच्या मोटारबोटी गाळात रुतायच्या. म्हणून जिथून माझा ओढा निघतो तिथे त्याने दगड आणि फळ्यांचा बांध घातला. पाणी दोन हात चढलं. जूनमध्ये भाताची मुळं कोवळी असतात. सगळं पीक मुळासकट सुटून वर आलं आणि काठाला कुजलं.

मार्सेलीन त्याच्या दारात गेली.

"ऑर्विल, तुझा आजोबा इथे आला तेव्हा पहिला हिवाळा माझ्या आजीच्या भातावर जगला."

"मग आता त्याचं पोट तपासायला आलीस होय?" तो हसला. "पाणी वाढलं तर बिघडलं काय? मासे खा."

ती काठावर आली. त्यांच्या रीतीप्रमाणे चिमूटभर तंबाखू मला वाहून म्हणाली, "माफ कर. मला जमलं नाही."

तिने माझी माफी मागावी? त्या दिवशी मी ठरवलं.

तीन हिवाळे मी वाट पाहिली. चौथ्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस बर्फ काठापासून सुटलं आणि भर दुपारी वायव्येचा वारा उठला. मैलभराचा तो थर मी त्याच्या घरांवर लोटला. दोन हात वर चढवलेलं पाणी त्यानेच मला दिलं होतं; बर्फ थेट पायऱ्यांवर चढलं. भिंती काडीसारख्या मोडल्या. स्टेन्सरूड वल्ह्याने बर्फ ढकलत होता! मला हसू आलं. मग त्याचा पाय तुळईखाली अडकला, आणि मी थांबलो नाही.

मेपलच्या झाडांचा रस आटवून साखर करायला मार्सेलीनची माणसं शेजारच्या रानात उतरली होती. आवाज ऐकून ती धावत आली आणि तिने त्याची कॉलर धरली.

"सोड! माझी घरं..."

"गेली ती! पाय ओढ, मूर्खा!"

तिने त्याला वाचवलं. मला ते आवडलं नाही.

लंगडत का होईना, दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः बांधाच्या फळ्या काढल्या. गाळात निजलेलं बी दोन वर्षांनी उगवलं. लोक म्हणाले, तलावाने माफ केलं. लोकांना काय कळतं?

म्हातारपणी तो एकदा मार्सेलीनच्या होडीत बसून आला. त्याने हात माझ्यात बुडवला. "अजून रागावलाय का गं हा?" त्याने विचारलं.

"त्यालाच विचार," ती म्हणाली.

एक लाट पुरली असती. पण होडीत ती होती. म्हणून तो काठाला लागला.

मार्सेलीनला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या नाती भाताला येतात, मी त्यांना ओळखतो. गेल्या आठवड्यात मात्र एक अनोळखी माणूस ओढ्याच्या तोंडाशी, जुन्या बांधाच्या जागी, मोजपट्टी लावून गेला. त्याला कोणी ओळखत असेल तर सांगा, पुन्हा येऊ नकोस.

तो एकटाच आला होता.