केंदूरचा परवाना

सत्यजीतचं तेरावं झालं आणि त्याचे वडील कोंडिबा शिरूरला दूध संघाच्या कचेरीत आले. रांजणगावजवळ ट्रकने पोराची मोटारसायकल उडवली तेव्हापासून या माणसाच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नव्हता. पोराचा डबा, खुंटीवरचं जाकीट त्यांनी पिशवीत भरलं. तेवढ्यात त्याच्या टेबलाखालचा कॉम्प्युटर घरघरतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. धनी गेला तरी हा राबतोच आहे, हे त्या शेतकरी माणसाला बघवेना. संध्याकाळी बैलाच्या मानेवरचं जू उतरवावं तसं त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

"इसावा घे आता," ते म्हणाले.

खांद्यावरचा टॉवेल त्यांनी कॉम्प्युटरवर पांघरला, वर हार ठेवला. कचेरीतले सगळे हात जोडून उभे राहिले. सत्यजीतचा कामातला जोडीदार शाकीर तर हुंदके देत होता. पुढे दर बाजारच्या दिवशी कोंडिबा यायचे, हार बदलायचे, घटकाभर बसून जायचे. त्या कॉम्प्युटरला हात लावायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

संघाची गावोगावची केंद्रं सत्यजीतनेच टेलिफोनच्या तारेने शिरूरशी जोडली होती. माणूस बसायचा दौंडच्या केंद्रात, पण त्याचं काम चालायचं शिरूरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर. दोन-अडीच महिने सगळं सुरळीत गेलं. मग एका सकाळी सर्व्हर दौंडच्या केंद्राला आत घेईना. लायसन नाही, म्हणजे वापरायचा परवाना नाही, एवढंच पडद्यावर येई. मागोमाग कोरेगाव भीमाचं केंद्र गेलं, मग आणखी एक. दुधाचे कॅन घेऊन आलेली माणसं ताटकळून कावली.

चेअरमन पोपटरावांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणूनच बहुधा त्यांचा निकाल झटकन तयार झाला. पोराने चोरीची लायसनं बसवली असणार, सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळं उपटून पुण्याच्या लोकांना देऊन टाकू, असं ते चारचौघांत बोलले. मेलेल्या माणसावर चोरीचा आळ. शाकीरच्या जिवाची तगमग झाली.

त्याने खोदून खोदून शोध घेतला. सर्व्हर प्रत्येक केंद्रासाठी दुसऱ्या एका कॉम्प्युटरकडून परवाना मागतो. परवान्याची मुदत दोन-तीन महिन्यांची, प्रत्येक केंद्राची निराळी, आणि ती संपत आली की तिथूनच आपोआप नवा मिळतो. लायसनं रीतसर विकत घेतलेली होती. परवाने वाटणारा कॉम्प्युटर कोणता, ते पडद्यावर वाचलं आणि शाकीरची नजर हाराकडे गेली.

सांगितलं तर पोराचं नाव धुऊन निघत होतं. पण केंद्रं बापाच्या हाताने बंद पडली, हेही सांगावं लागत होतं. शाकीरला घास गोड लागेना. त्याची बायको तहमीना शेवटी म्हणाली, की लपवलंत तर कोंडिबाआबांच्या तोंडाकडे बघवेल का तुम्हाला? त्याने गाडीला किक मारली आणि तो थेट केंदूरला, कोंडिबांच्या गावी गेला.

कोंडिबांनी गोठ्यात बसून सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी बटन मी दाबलं, आन् नाव त्याचं गेलं."

"तुम्ही मायेनं केलं, आबा. मी तिथंच हुतो. मला तरी कुठं ठावं हुतं?"

सोमवारी कोंडिबा न बोलावता मीटिंगच्या दारात येऊन उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. "बंद मी केलं," ते म्हणाले. "माझ्या पोराचं काम पुरं हुतं." शाकीरने परवान्यांचा सगळा प्रकार समजावून सांगितला. पोपटरावांना मान वर करवली नाही. ठराव कुणी मांडलाच नाही.

जुना कॉम्प्युटर चालू करून भागलं असतं. पण बापाने दिलेला इसावा मोडायला शाकीर तयार नव्हता. लायसनं विकणाऱ्या कंपनीला फोन करून त्याने लायसनं दुसऱ्या कॉम्प्युटरवर घेतली. कोंडिबा शेजारी बसून होते. दौंड सुरू झालं, कोरेगाव भीमा सुरू झालं.

"आन् आपलं केंदूर?"

"केंदूर बंद पडलंच न्हाई, आबा. सत्यजीतच्या कॉम्प्युटरनं सगळ्यात शेवटी परवाना दिला तो केंदूरला. त्याच्यावरच अजून चाललंय."

कोंडिबांनी हाराकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "कवापत्तर?"

"पुढच्या आठवड्यात नवा मिळंल. आपसूक."

"तवा मला सांग."

पुढच्या आठवड्यात शाकीर सकाळीच केंदूरच्या केंद्रावर जाऊन बसला. कोंडिबा कॅन घेऊन खिडकीशी उभे होते. सविता नावाची मुलगी कॉम्प्युटरवर होती. तिने रोजच्यासारखा सर्व्हर लावला. पडद्यावर वेगळं काहीच दिसलं नाही. शाकीरने शिरूरला फोन लावून विचारलं. केंदूरला नवा परवाना मिळाला होता.

"झालं?" कोंडिबांनी विचारलं.

शाकीरने मान डोलावली. तिरडी उचलतानाही न रडलेला तो बाप दुधाच्या कॅनवर डोकं टेकून सगळ्या गावादेखत रडला.