डोकं सोबत आणावं

चिमणीला नोकरी हवी होती ती त्या काचेच्या सलॉनमध्येच, दुसरीकडे कुठेच नाही. उपनगरात त्यांच्या गल्लीत मावशीचं दोन खुर्च्यांचं पार्लर, आणि शाळा संपल्यापासून चिमणी तिथेच उभी. कात्रीवर हात सुंदर. पण मावशी काही नवीन कापू देईल तर शपथ! "आपल्या बायकांना खालून दोन बोटं पुरे," संपलं. आणि आता शहरातल्या एवढ्या मोठ्या सलॉनने ट्रायलला बोलावलं होतं, दुपारी चारला. अट एकच, डोकं आपलं आपण सोबत आणायचं. म्हणजे केस कापून घ्यायला तयार असलेलं माणूस, आणि त्याचे केस खांद्याच्या खाली.

डोकं कुठून आणायचं? लांबी होती ना! पहिलीपासूनची मैत्रीण, उंच म्हणून लांबी, आणि केस असे की बसमध्ये मागच्या सीटवरचा माणूस शिंकायचा.

"आईला काय सांगशील?" चिमणीने विचारलं.

"आईला मी बघते. तू फक्त मला माकड करू नकोस."

तर निघाल्या सकाळच्याच बसने. लांबी म्हणाली, एवढ्या लांब जातोच आहोत तर शहर बघू की. ती याआधी शहरात आली होती ती काकांच्या ऑपरेशनला, तेव्हा हॉस्पिटलचा जिना सोडून काही पाहिलं नव्हतं. मग काय, सरकते जिने चढल्या, उतरल्या, परत चढल्या. वीस हजारांच्या पर्सला हात लावून आल्या. लांबी इमारती बघत होती आणि चिमणी नुसती डोकी. "ती बघ, मागून आखूड, पुढे हनुवटीपर्यंत उतरत आलेले. अगं, असं मी कधी कापलंच नाहीये! त्यांनी नेमकं हेच सांगितलं तर?"

आणि तिथून तिचं दुसऱ्या कशात लक्षच लागेना. कारंज्याजवळ बाकावर बसल्या, घरचा डबा उघडला, चिमणी हातात घास धरून लांबीच्या केसांकडेच बघत बसली. कात्री पर्समध्येच होती.

"थोडं करून बघू?" ती म्हणाली. "नुसती टोकं. तसेही चारला कापायचेच आहेत."

"कर की. इथे कोण ओळखतंय आपल्याला!"

आता काय झालं बघा. मावशीच्या पार्लरमध्ये समोर भिंत असते. बघण्यासारखं काही नाही, म्हणून गिऱ्हाईक गुमान बसतं. इथे समोर अख्खं शहर! एक माणूस एकदम सहा कुत्री फिरवत गेला, लांबीची मान गेली उजवीकडे, कात्री चालली कच्.

"मुंडी हलवू नकोस गं!"

"अगं, सहा कुत्री!"

डावी बाजू वर गेली. मग उजवी तिच्या बरोबरीला आणायला हवी. उजवी आणताना कोणीतरी चाकाच्या बुटांवरून सुसाट गेलं. उजवी आणखी वर. मग परत डावी. चिमणीला कळत होतं, थांबायला हवं, पण एक बाजू वर आणि एक खाली असं ठेवून पार्लरवालीचा हात थांबतच नाही, जमतच नाही त्याला. बाकाखाली केसांचा ढीग. लांबीने कानाला हात लावला, मग मानेला. मान सगळी उघडी.

"चिमणे," ती हळूच म्हणाली, "चारसाठी काय ठेवलंयस?"

चिमणीने कात्री पुसून पर्समध्ये टाकली.

सलॉनमधल्या मॅडम काळ्या कपड्यातल्या, आवाज एकदम मऊ. त्यांनी लांबीभोवती एक चक्कर मारली. "आणि यात मी तुझी कात्री कुठे बघू?" रागावल्या असत्या तर पाया तरी पडता आलं असतं. "दुसरं डोकं आण. मी साडेपाचपर्यंत आहे."

दोघी धावत फुटपाथवर. "ताई, केस कापून घ्याल? फुकट!" फुकट म्हटलं की बायका पर्स छातीशी धरून पुढे. एक आजी थांबल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाळा, माझा विग आहे." एकीने तर लांबीकडे बोट दाखवून विचारलं, "हिचे तूच कापलेस का?" आणि गेली. गल्लीत चिमणी नुसती दारात उभी राहिली तरी कोणी ना कोणी येऊन मान पुढे करायचं. इथे हजारो डोकी, आणि एकही मिळेना. लांबी बिचारी वाट अडवून उभी राहायची, लोक तिला वळसा घालून जायचे, खांबाला घालतात तसा.

पाच वाजून गेल्यावर दोघी परत आत आल्या, सोफ्यावर बसल्या, सांगायला की नाही मिळालं. तिथे आणखी एक मुलगी बसली होती, नाक लाल झालेलं, स्वतःचे केस आधीच कानापर्यंत कापलेले. तिचीही ट्रायल, आणि तिचं डोकं, म्हणजे तिची नणंद, आलीच नव्हती. तिने चिमणीकडे बघितलं. म्हणजे चिमणीच्या वेणीकडे. जाडजूड, कमरेपर्यंत; पार्लरवालीचे केस कापायला कोणाला वेळ असतो?

"तुमची ट्रायल झाली का?" तिने विचारलं.

"नाही झाली. होणारही नाही."

"मग तुम्ही... तुमचं डोकं मला द्याल का? प्लीज. नाही म्हणू नका हो."

"चिमणे, खबरदार!" लांबी म्हणाली.

पण तासभर चिमणीने एवढे नकार ऐकले होते, की तो शब्द तिच्याच तोंडातून निघेना. ती उठली आणि जाऊन खुर्चीत बसली. वेणी सुटली. आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसत होता आणि मागे त्या मुलीचे हात. मॅडमनी सांगितलं तेच, मागून आखूड, पुढे उतरतं. डावी बाजू किंचित वर चालली होती. मॅडम फोनवर होत्या, त्यांना दिसलं नव्हतं. चिमणीला दिसलं. गप्प बसली असती तर? बसलीही, दोन-तीन बटा पडेपर्यंत. मग ओठ न हलवता म्हणाली, "डावीकडे थांबा. आधी उजवी करा."

मुलीने ऐकलं. मॅडम आल्या, मान तिरकी करून बघितलं, हनुवटीशी बोट लावून पाहिलं. "छान. सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या. चिमणीला नाही.

ती मुलगी गळ्यात पडली, रडली, नाव विचारायचं विसरली आणि नणंदेला फोन लावत निघून गेली.

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी शेजारी, मानेला वारा लागतोय. लांबी मावशीला शिव्या देत होती, मॅडमना देत होती, त्या सहा कुत्र्यांनाही देत होती. मग एकदम थांबली आणि चिमणीकडे बघतच राहिली.

"काय?"

"काही नाही."

"बोल ना."

"छान दिसतंय गं तुला," लांबी म्हणाली. "खरंच खूप छान कापलेत."

चिमणीने खिडकीच्या काचेत पाहिलं. छानच कापले होते. एकही केस इकडचा तिकडे नाही. वाईट कापले असते ना, तर निदान रडता तरी आलं असतं.